फाळक्यावरची पेटी

पेटी हवी तेव्हा निघते, असं मला सांगितलं होतं. मुलानं सांगितलं, फिटरनं सांगितलं, सुनेनंही मान हलवली. म्हणून मी बसव म्हटलं. जीप मुलाच्या नावावर आहे, तेव्हा मी नको म्हटलं असतं तरी ती बसलीच असती. पण त्यानं विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, एवढं खरं.

पेटी म्हणजे गाण्याची. तिच्यात परातीएवढा एक गोल भोंगा. त्याला सबवूफर म्हणतात असं मला नंतर कळलं; आमच्याकडं सगळे बफर म्हणतात. त्यातून गाणं येत नाही. गाणं पुढच्या दोन भोंग्यांतून येतं, हा नुसता धम्म धम्म करून छातीत मारतो. मुलाला जीप वरातींना भाड्यानं लावायची होती, आणि वरातीत पोरं याच्या मागं नाचतात. बफर नसला तर म्हणे नाचणाऱ्यांचे पाय उचलत नाहीत. आमच्या वेळी डफड्यावर उचलायचे.

जीप आम्ही गाण्यासाठी घेतली नव्हती. आमचं वावर नाल्याच्या पलीकडं आहे. नाल्याला माघापर्यंत पाणी असतं, आणि पुढची पांदणीची वाट सगळी काळ्या मातीची. तिथं ऑटोचं चाक बसलं की बैल लावून ओढून काढावं लागतं. ही जीप जुनी आहे, उघडी आहे, पण चारही चाकांना जोर लावते आणि चिखलातून म्हशीसारखी निघते. भाजी वावरातून सडकेपर्यंत यावी म्हणून ती घेतली. मी मेथी, पालक, वांगी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर लावते आणि शेलूबाजारला आठवडी बाजारात बसते. नवरा होता तेव्हाही मीच बसायचे. त्याला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नव्हतं. मलाही येत नाही, पण माझी भाजी ताजी असते.

बाजारात माझी जागा होती. हापशीजवळच्या कडूलिंबाखाली, आत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला. येणारा माणूस पहिल्यांदा मलाच बघायचा. दुपारी सगळ्या बायकांच्या भाज्या माना टाकायच्या, माझ्यावर सावली असायची आणि पाणी शिंपायला हापशी हाताशी. माझे केस पांढरे झाले त्या जागेवर.

अशा जागा कोणाच्या मालकीच्या नसतात. जो बसतो त्याची जागा. एखादा बाजार चुकला तर शेजारीण तुमचं पोतं अंथरून ठेवते, वर दगड ठेवते, आणि मग त्या पोत्यावर कोणी पाय देत नाही. पण लागोपाठ चुकायला लागले की पोत्याला मान राहत नाही. मग तिथं दुसरं कोणी येऊन बसलं, तर त्याला उठवायचा हक्क कोणालाच नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण शेलूबाजारच्या कोणत्याही भाजीवालीला विचारा.

माझे गुडघे गेले आहेत. जीपला पुढून चढायचं तर एक पाय छातीपर्यंत उचलावा लागतो, आणि मुलानं मोठी चाकं बसवल्यापासून तर ती आणखी उंच झाली. पण जीपच्या मागं फाळका आहे. वरची कडी काढली की तो खाली पडतो आणि दोन साखळ्यांवर आडवा राहतो, बाजेसारखा. आधी पोती चढवायची. मग मी फाळक्याकडं पाठ करून त्यावर बसायचे आणि सरकत सरकत आत जायचे. कोणाचा हात लागत नव्हता. बाजारात पोचल्यावर तशीच सरकत बाहेर. मुलानं ती पेटी नेमकी याच फाळक्यावर बसवायचं काढलं.

ज्या दिवशी बसवली तो बाजाराचाच दिवस होता. भाजी खपल्यावर मुलगा जीप सडकेवरच्या फिटरकडं घेऊन गेला. मला घरी न्यायची गाडी तीच, म्हणून मी तिथं टायरवर बसून राहिले. फिटरनं फाळक्याच्या बाहेरच्या अंगाला माप घेतलं, खडूनं खुणा केल्या, भोकं पाडली आणि लोखंडी पट्ट्यांची चौकट ठोकली. मध्ये रबर घातलं, पत्रा वाजू नये म्हणून. पेटी प्लायची, वरून काळं कापड चिकटवलेलं. तिच्या पाठीतून चार बोल्ट निघाले होते, ते चौकटीतून घालायचे आणि आतल्या बाजूनं नट फिरवायचे. नटांना दोन दोन कान होते. हातानं फिरतात, पाना लागत नाही.

मी फिटरला म्हटलं, "दादा, आतून बसव ना हे पेटी. बाहेर कायले लटकवतं?"

"आतून बसवली तं आवाज डायवरच्या कानात जाते, मावशी. नाचनारे मांगं राह्यतेत." मग तो मुलाकडं वळून म्हणाला, "पन एक आयक. पेटी लागून असली का फाळका पाडू नोको. ह्या बिजागऱ्या तेवढं वजन झेलत नाईत. उपटून येतीन."

"मंग मी चढू कुठून?" मी विचारलं.

फिटरनं मुलाकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाजाराच्या दिवशी काढून ठेवत जाईन ना वं माय. चार नट हायेत. चहा पेईपर्यंत निंघते."

"चहा एकट्यानं पेता येते. हे एका मानसाची उचल दिसत नाई मले."

"दोघं लागतेत," फिटरनं कबूल केलं.

"दुसरा कोन?"

"भेटते वं कोनी ना कोनी," मुलगा म्हणाला. फिटरनं मला चारही नट काढून दाखवले, वायरीचं तोंड उपटून दाखवलं, पुन्हा लावून दाखवलं. मला पटलं. कोणी ना कोणी हा माणूस वरातीला लगेच भेटतो आणि मेथीच्या पोत्याला भेटत नाही, हे मला माहीत होतं. तरी पटलं.

घरी आल्यावर सुनेनं पेटीला हळदकुंकू लावलं, मुलानं नारळ फोडला. मी दारात उभी होते तर शेजारीण म्हणाली, "बुढे, तुमी जरा आत व्हा ना. शुभ काम हाय." भोंग्याच्या कपाळाला कुंकू चालत होतं आणि मी माझ्या दारात चालत नव्हते. मी जागची हलले नाही. शेजारणीनं तोंड वाकडं केलं. सुनेनं खोबऱ्याचा मोठा तुकडा आधी मला आणून दिला. सून वाईट नाही, पण तिचं घरात चालत नाही.

पहिले काही बाजार मुलानं शब्द पाळला. सकाळी त्याचा एक मित्र यायचा, दोघं पेटी उतरवून ओट्यावर ठेवायचे, वर ताडपत्री टाकायचे. मी फाळक्यावरून चढायचे. मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली.

केनवडकडची एक मोठी वरात करून मुलगा घरी आला तो दमून. मित्र तिकडंच राहिला. सकाळी बाजार. मुलगा डोळे चोळत म्हणाला, "माय, आज पुढून चढ ना वं. म्या हात देतो."

हात देऊन भागलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एकाला थांबवलं. एकानं काखेत धरलं, एकानं गुडघ्यात. मी मध्ये लोंबकळत होते.

मी म्हटलं, "अरे, पोत्याले तरी दोन कान असतेत धराले. माह्यं काय धरून राह्यले तुमी?"

"तू बोलू नोको वं माय. हसू येते, मंग हात सुटते."

"सुटू दे. पडून मेली तं तुह्या बफरवर वाजवत ने मले."

गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावत होत्या. बाजारात उतरतानाही तोच तमाशा. पोती फाळक्यातून निघेनात म्हणून बाजूवरून फेकली. वांग्यांचं काही झालं नाही, पण मेथी चुरगळली. माझ्या शेजारी बसणारी लसूणवाली म्हणाली, "काहून वं बाई, आज आभायातून टपकली?" तिचं तोंड माझ्यासारखंच आहे, म्हणून आमचं जमतं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आज उचलून आनलं. उद्या आनतीनच नाई, पाह्य."

तेच झालं. पुढच्या बाजाराच्या दिवशीच लग्न होतं. मी आदल्या दिवशी तोडून बांधून ठेवलेली मेथी घरातच राहिली. मुलगा म्हणाला, "तिथी म्या काढली काय? भटाले विचार." लसूणवालीनं सुनेच्या मोबाइलवर फोन केला. "पोतं टाकलं म्या तुह्यं. बरी हायेस ना?" मी म्हटलं, बरी आहे, जीप नाचायला गेली आहे.

त्याच्या पुढच्या बाजारीही लग्न. या खेपेला मी आधीच बोलले होते. मुलगा म्हणाला, "शब्द देऊन बसलो ना वं त्यायले." मी विचारलं, मला दिलेल्या शब्दाचं काय? तर म्हणाला, "तू घरची हायेस." घरच्या माणसाला दिलेला शब्द उधार असतो, हे मला माझ्या लेकाकडून कळलं. लसूणवालीचा पुन्हा फोन आला. "टाकलं पोतं. पन आता लोकं इचारून राह्यले, हे बुढी हाय का गेली? पुढच्या बाजारी ये बाई. कशीबी ये."

मी घरात सांगून टाकलं. पुढचा बाजार चुकला तर जागा गेली. जागा गेली तर या वयात मला नवी कोणी देणार नाही. मुलानं ऐकलं. बाजाराच्या दिवशी लग्न धरलं नाही, हेही खरं. म्हणाला, "झालं ना? सकाळी पेटी काढतो अन् तुले रानीसारखी नेतो."

सकाळी तो अंघोळीला गेला होता. मी सुनेला म्हटलं, चल, नट तरी ढिले करून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल. जीपच्या आत शिरून सुनेनं नटाचे कान धरले. फिरेना. दुसरा धरला. तोही फिरेना.

"आत्याबाई, हे गंजले का?"

नवीन नट गंजतात कसे? मी बाहेरून वाकून पाहिलं. नटाच्या बुडाशी लोखंडाचा ओघळ होता, मेणबत्तीचा असतो तसा. वेल्डिंगचा टाका. चारही नटांना मारलेला. वरून काळा रंग लावलेला.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

मुलगा टॉवेलवर बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "नटाले टाके कायले मारले?"

"चोरी होते ना वं! मांगच्या वरातीत एकाची अख्खी पेटी नेली. नट हातानं फिरते, मंग चोराले काय जड हाय? आपल्याले काढता येते तं त्यालेबी येते."

"मंग मले सकाळी काढतो कसा म्हनला?"

"ध्यानातच नाई राह्यलं." हे तो खोटं बोलला नाही. त्याचा चेहरा मला लहानपणापासून वाचता येतो. त्याच्या खरंच ध्यानात राहिलं नव्हतं. खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आता काढ."

"ग्राइंडर लागते. घरी कुठं हाय? अन् ग्राइंडर लावला का रंग जयते, चौकट चिरते. लग्नसराई होऊ दे, मंग नीट काढू. आज पुढून चढ. दोघं धरतो तुले, मांगच्यासारखं."

"मी उचलून घेनार नाई."

"अवं, एका बाजाराचा सवाल हाय!"

"मांगचे दोन बाजार गेले, तेबी एका एका बाजाराचेच सवाल होते."

सून म्हणाली, "आत्याबाई, आजच्या दिवस चढा ना." मी चढले नाही. लोक म्हणतील, म्हातारी हट्टी आहे. असेन. पण साऱ्या गल्लीनं हसत पाहावं आणि दोन पुरुषांनी मांडीखाली हात घालून उचलावं, हे एकदा झालं तेवढं पुरे होतं.

भावकीतल्या एकाची बंडी सडकेकडं निघाली होती. बंडीचं मागचं अंग बुटकं असतं. मी त्यात पोती टाकायला लावली आणि स्वतः बसले. तो बंडीवाला म्हातारा बैल हाकत म्हणाला, "दारात जीप उभी अन् तुमी बंडीत, वहिनी? लेकानं हाकललं का काय?"

"गान्यानं हाकललं," मी म्हटलं.

बंडी बैलाच्या चालीनं चालली. सडकेवर ऑटो मिळायला वेळ गेला. भाजीची पोती बघून ऑटोवाले थांबत नव्हते. मी शेलूबाजारला पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि बाजार भरला होता.

कडूलिंबाखाली एक तरणी बाई बसली होती. तिच्यासमोर मेथी, पालक, मुळे. रांग नीट लावलेली, पाणी शिंपलेलं. पोतं माझं नव्हतं.

मी भांडले. भांडण मला येतं. म्हटलं, "ऊठ. ही माह्यी जागा हाय."

ती बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, दोन बाजार रिकामी पाह्यली म्या. आजबी लय वेळ वाट पाह्यली. मंग बसली."

"पोतं नव्हतं काय इथं?"

"होतं ना. हे काय."

माझं पोतं तिनं घडी करून लसूणवालीच्या टोपलीजवळ ठेवलं होतं. वर माझा दगडसुद्धा. लसूणवाली माझ्याकडं न बघता लसणाच्या पाकळ्या निवडत होती. मग म्हणाली, "म्या सकाळी टाकलं होतं बाई. म्या म्हनलं तिले, येते, येते, बुढी येते. कुठवर म्हनू? तिनं फेकलं असतं तं म्या तिच्या झिंज्या धरल्या असत्या. तिनं घडी केली. भांडाले तोंडच नाई ठेवलं."

आजूबाजूच्या बायका आपापल्या गिऱ्हाइकांशी बोलायला लागल्या. कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही, आणि बोलायला नकोच होतं. नियम तोच आहे. मी बसत होते तोवर तो मला चांगला वाटत होता.

मी पोतं उचललं. दोरखंडवाले आणि चपलांवाले बसतात त्याच्याही पलीकडं, पडक्या भिंतीजवळ जागा होती. तिथं कोणी बसत नाही, कारण माणसं त्या भिंतीशी लघवीला उभी राहतात. तिथं मेथी मांडली. ऊन थेट डोक्यावर. दुपारी मेथीनं मान टाकली. अर्ध्याहून जास्त माल परत आणला आणि गाईपुढं टाकला.

घरी मी हातपाय धुऊन आडवी झाले. सुनेनं लसूणवालीला फोन करून सगळं काढून घेतलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मुलगा कुठून तरी ग्राइंडर घेऊन आला. ठिणग्या उडवत त्यानं चारही नट कापले. रंग जळाला, चौकटीला चीर गेली, त्याच्या बोटाला पोळलं. पेटी घरात आणून गव्हाच्या कोठीशेजारी ठेवली. मग मला म्हणाला, "घे. झालं ना आता तुह्या मनासारखं?"

मी म्हटलं, "जागा गेली."

"कोन हाय ते बाई? म्या येतो बाजाराले. चार पोट्टे घेऊन येतो. कशी उठत नाई पाह्यतो."

"कायले उठवतं तिले? ते बसली, म्हनून तिची हाय. तिनं कोनाचं चोरलं नाई."

"मंग आता म्या काय करू, सांग."

मी माझं पोतं झटकून त्याची घडी घातली. तो पोळलेल्या बोटाला तेल लावायला आत गेला. त्याला वाटतं, माणूस बाजारात जातो तो भाजी विकायला. भाजी तर कुठंही विकता येते, व्यापारी वावराच्या बांधावर येऊन घेऊन जातो. हे त्यानं मला बोलूनही दाखवलं. "बरंच झालं माय, आता घरी आराम कर." घरात माझी बसायची जागा कोणती, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. दारात उभी राहिले तरी मला आत व्हा म्हणतात.

पुढच्या बाजारी त्यानं फाळका पाडला. मी बसले, सरकले, आत गेले. पोचल्यावर सरकत खाली उतरले. सगळं पूर्वीसारखं झालं. मुलगा पोती उचलून सवयीनं कडूलिंबाकडं निघाला. मी हाक मारून त्याला भिंतीकडं वळवलं.

उन्हं चढल्यावर एक बाई चपला बघत बघत तिकडं आली. तिला मी ओळखलं. कित्येक वर्षं ती माझ्याकडून सांभार नेत होती, आणि दर वेळी जुडी उचलल्यावर वरून दोन काड्या फुकट मागत होती. तिनं मेथीची जुडी उचलली, नाकाशी नेली, आणि डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं पाहिलं.

"नवीन बसून राह्यल्या काय, आजी? याच्या आंदी नाई पाह्यलं तुमाले."

मी म्हटलं, "व्हय," आणि तिच्या पिशवीत जुडी टाकली.